ठणका

लेकीच्या लग्नात चप्पल नीट बसावी म्हणून द्वारकाबाईंनी पायाच्या अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड काढून घेतलं होतं. आता नात चालायला लागली, तरी ऑपरेशननंतरची दुखण्याची गोळी सुटत नव्हती. क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी ती कमी करायला सांगितल्यापासून गोळ्यांचं पाकीट नवऱ्याच्या, सोमनाथरावांच्या खिशात असायचं.

"अवो, पाय लई ठणकायलाय. गोळी द्या की."

सोमनाथरावांनी तेलाची वाटी घेतली. "आधी पाय दे इकडं."

"नवऱ्याकडून पाय चोळून घेऊ व्हय? पाप लागंल मला."

"लागू दे. अर्धं मी घेतो."

लाजत द्वारकाबाईंनी पाय पुढं केला. ते क्षणभर थांबले. मग तोच पाय मांडीवर घेऊन हळूहळू तेल चोळू लागले.

ऑपरेशन दुसऱ्या पायाचं झालं होतं.