मामाचं बोट

"मामा, यंदाची पहिली तांबोशी माझीच हं!" जेटीवर बसत मी जाहीर केलं.

"आधी गळाक आमिष तरी लाव गो, शाणे!" मामा हसला. सोबत आलेल्या माझ्या मैत्रिणी खिदळल्या.

लकव्याने मामाचा उजवा हात लुळा आणि बधिर पडला होता. पूर्वी मासा लागल्याचं त्याच हाताच्या बोटाला कळायचं. म्हणून मे महिनाभर मामी त्या बोटाला गळाची दोरी गुंडाळायची. एखाद्या ओढीने तरी ते जागं होईल, असं सगळ्यांना वाटायचं.

अखेर त्या दिवशी दोरी ताठ झाली. बोट लाल झालं, मग जांभळं.

लांब पाण्याकडे बघत मामा म्हणाला, "आज मासोच नाय गो."

"लागला!" म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं. मामीने मानेनेच नको म्हटलं आणि दोरी कापली.

"नाहीच, मामा," मी म्हणाले.