अस्सल घड्याळ

बंगळुरातल्या त्या प्रदर्शनात सात जुन्या स्पोर्ट्स गाड्या होत्या आणि सातही डॅशबोर्डांवर घड्याळं होती. सहा बंद, एक चालू. चालू होतं ते संयोगिताच्या वडिलांच्या, मालोजींच्या गाडीतलं. १९५४ साली त्यांनी ती नवी कोरी घेतली होती. सगळे भाग मूळचे असणाऱ्या गाडीला मिळणारा चषक डोळे मिटायच्या आत घरी यावा, एवढाच त्यांचा ध्यास उरला होता.

परीक्षकांनी घड्याळाला कान लावला आणि मान हलवली. "हे नंतर बसवलेलं दिसतंय."

"अहो, दर रविवारी मी स्वतः किल्ली देतो याला!"

"सर, वीस वर्षं जुन्या गाड्या तपासतोय. अस्सल घड्याळ चालत नसतं. शून्य गुण."

मालोजींचा आवाज चढला, तशी संयोगितानं त्यांची बाही ओढली. "जरा शांत व्हा, अण्णा. पुढच्या वर्षी मी बघते."

पुढच्या वर्षी तिनं ते घड्याळ काढून घरी ठेवलं आणि त्या जागी बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या भंगारबाजारातलं एक बंद गजराचं घड्याळ बसवलं.



घड्याळाच्या अस्सलपणाला दहापैकी दहा गुण मिळाले आणि चषक घरी आला.