काठोकाठ

"कॉफी एवढीशीच?" केतकीनं कपात डोकावून विचारलं. दुबई बघायला आलेल्या या मावसबहिणीला मी मॉल सोडून खाडीकाठच्या जुन्या गल्लीत, उम्म सैफ नावाच्या म्हातारीच्या अंगणात नेलं होतं.

"थोडीच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येते. पाहुण्यानं बसावं म्हणून. कप काठोकाठ भरला, तर समजायचं, आता निघा."

आम्ही बायकाच होतो, म्हणून उम्म सैफ डोकं उघडं टाकून केस विंचरत बसली होती. "इथं फोटो नाही हं," मी बजावलं.

"अगं, एवढं कळतं मला!"

भारतात पोचताच बाईसाहेबांची रील आली. पत्त्यासकट अंगण, आणि म्हातारीचे मोकळे केस. मी फोनवर भडकले, तर म्हणते कशी, "चिडतेस काय? तुझे आभारही मानलेत त्यात!"

तशीच धावले. दाराशी सेल्फीवाल्यांची झुंबड. उम्म सैफनं मला तेवढं आत घेतलं. डोक्यावरून घट्ट काळी ओढणी. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघेचना.

ती शांतपणे कॉफी ओतत राहिली, कप काठोकाठ भरेपर्यंत.