सोडलेली गोळी

भाकरी तव्यावर जायच्या आधी परातीतच मोडली. जगदेवीनं पीठ पुन्हा गोळा केलं, पुन्हा थापायला घेतलं, पण बोटंच वळेनात. ती कशीबशी उठली, मोरीपाशी गेली आणि भिंतीला धरून ओकली.

"आई!" शिवकन्या पुस्तक टाकून धावली. या मुलीला डॉक्टर करायचं म्हणून जगदेवी शिरूर अनंतपाळचं घर नवऱ्यावर सोडून लातुरात भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि मुलीची परीक्षा रविवारवर आली होती.

"पित्त हाय. तू वाच," जगदेवी म्हणाली.

शिवकन्यानं आईचे हात हातात घेतले. सांधे टरारून सुजलेले, मनगटं कढत. संधिवाताच्या गोळीनं हे हात इतकी वर्षं चालते ठेवले होते. तिनं फळीवरून औषधांचा डबा काढला. पाकीट जवळजवळ भरलेलं होतं.

"गोळी कधीपास्नं घेतली न्हाईस?"

"सोमवारपास्नं." जगदेवीनं पदरानं तोंड पुसलं. "सोडली."

त्या इमारतीत मजल्यामजल्यावर अशा आया होत्या, आणि परीक्षा जवळ आली की त्या देवासाठी काहीतरी सोडत. वरच्या रत्नम्मानं साखर सोडली होती. शेजारची सिंधु तर भर उन्हात अनवाणी बाजारात जायची. पोरं घोकत होती, आया सोडत होत्या. नंबर नेमका कशानं लागतो ते कोण सांगणार!

"मला गोडाचं कवतिक न्हाई," जगदेवी सांगू लागली. "चपलेचं म्हणशील तर गावाकडं तशीच हिंडती मी. मग महादेवाला देऊ काय? ज्याच्याबिगर चालत न्हाई तीच चीज द्यावी लागती. माझं गोळीबिगर चालत न्हाई."

शिवकन्याला संताप आला. तिनं डॉक्टरांना फोन लावला. गोळी अचानक बंद केली आणि आता उलटी झाली, एवढं ऐकताच त्यांनी आवाज चढवला. आत्ताच्या आत्ता गोळी द्या, रिक्षा करा आणि घेऊन या.

तिनं फोनवरच रिक्षा बोलावली, आणि गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन ती आईपुढं बसली. जगदेवीनं ओठ घट्ट मिटले.

"निकाल लागूस्तोवर न्हाई. देवाला बोललेली हाय मी."

"आई, ऐक." हा धडा तिला तोंडपाठ होता, पण तो आईला सांगायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. "ही गोळी नुसती दुखणं दाबत न्हाई. ती रक्तातून पेशीत शिरती. तिथं एक प्रथिन तिची वाटच बघत असतंय. त्याला धरून ती पार केंद्रकात जाती, जनुकांपाशी. सूज आणणारे जनुक तिथं आरडाओरडा करायलेले असतात. त्यांना ती गप करती, अन् सूज उतरवणाऱ्यांना कामाला लावती."

"इतक्या आत जाती?"

"हाव. इतक्या आत."

"मग वरडू दे की त्यांना निकालापत्तोर. मी सोसते."

"सोसायची बात न्हाई ही!" शिवकन्याचा आवाज फाटला. "हीच चीज आपल्या अंगातबी तयार होती. मूत्रपिंडावर ग्रंथी असती, ती करती. पण बाहेरून रोज आयतं मिळायलंय म्हणल्यावर ती झोपली. आता गोळी एकदम बंद केलीस अन् ती काय उठली न्हाई. म्हणून उलटी, म्हणून चक्कर. जिवावर बेतंल, आई."

"आयतं मिळालं की झोपती?" जगदेवीच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं. "तुझ्यावरच गेलीया म्हणायची. खोली घेतल्यापास्नं एक भाकर थापली न्हाईस."

शिवकन्या हसली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टर व्हायचं होतं ते सगळं आई बघेल म्हणून. आईच नसली तर त्या नंबराला काय चाटायचंय? तिनं हे तसंच बोलून टाकलं.

जगदेवीचे डोळे भरले, पण मान हलली ती नकारातच. "माझ्या हातानं मोड म्हणू नको बाई. तुझा नंबर हाय त्याच्यात."

"मग माझ्या हातानं मोडू. तोंड उघड."

जगदेवी दचकली. "तू घातलीस तर मोडल्याचं पाप तुझ्यावर येतंय."

"येऊ दे."

"अगं, परीक्षा हाय तुझी!"

"येऊ दे म्हणलं ना!" तिनं गोळी आईच्या ओठांपाशी नेली. बोलली खरी. जनुकांवर तिचा पुरता विश्वास होता, पण महादेवही काही परका नव्हता. गोळी ओठांपाशीच अडली, आणि जगदेवी मुलीच्या त्या हाताकडेच बघत होती.

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"आण इकडं," जगदेवी एकदम म्हणाली. सुजलेल्या हातानं तिनं मुलीचं मनगट दूर लोटलं. गोळी चिमटीत येईना, तशी तिनं ती तळहातावर घेतली आणि तळहातच तोंडाला लावला. पाणी प्यायली. अर्धं हनुवटीवरून पदरावर सांडलं.

मग तिनं छताकडं तोंड केलं आणि लांबच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "महादेवा, बघितलंस न्हवं? म्या घेतली. पोरीनं न्हाई. म्या."