वाकडी काडी

"आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" चष्मेवाल्याच्या मुलाने विचारलं.

धाकटीने समोरच्या पाटीकडे नीट बघितलंच नव्हतं. "आता," ती म्हणाली. त्याने भिंग बदलून पुन्हा विचारलं, तेव्हाही ती "आता"च म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला सगळंच बरं दिसतंय," तो हसला.

तिची आई मागच्या खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर पर्स, पर्समध्ये जपमाळ.

चार दिवसांनी चष्मा तयार झाला. मुलाने तो धाकटीच्या नाकावर ठेवला आणि काड्या कानांमागे सरकवल्या. "वर बघा," तो म्हणाला. तिने वर बघितलं. तो तिच्याहून वर्षभराने मोठा असेल. डाव्या भुवईत बारीक खूण होती. धाकटीचे कान इतके तापले की काड्या वितळतील की काय, असं तिला वाटलं.

आईने त्या कानांकडे एकदा पाहिलं.

धाकटीला वर बघायची सवयच नव्हती. घरात आरसा एकच, हनुवटीपासून कपाळापर्यंत दिसेल एवढा. बाह्या कोपराखाली. रेडिओ बातम्यांपुरता. सात वाजता सगळ्यांनी गुडघे टेकायचे. बाबा प्रार्थना सांगणार, बाकीच्यांनी मागून म्हणायची. आईचं एक वाक्य ठरलेलं होतं, "नजर खाली असली की पाय घसरत नाही."

थोरली लग्न होऊन गेली होती. धाकटीचं बाबांनी ठरवून टाकलं होतं: बारावीची परीक्षा झाली की आत्याच्या मठात. आत्या सिस्टर होती. "एक तरी लेकरू देवाचं," बाबा टपालखात्यातल्या मित्रांना अभिमानाने सांगत. धाकटीला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायची त्या घरात रीत नव्हती.

आठवड्याभराने सकाळी टेबलावरचा चष्मा तिने घातला, तर तो नाकावर तिरपा बसला. उजवी काडी वाकली होती.

"अंगाखाली घेतलास?" आईने विचारलं.

"नाही गं."

"मग जा, सरळ करून आण. मला वेळ नाही. चर्चची कापडं पडलीत इस्त्रीला."

धाकटी पहिल्यांदाच एकटी गेली. मुलाने काडी गरम हवेवर धरली, हलक्या हाताने सरळ केली आणि तिच्या कानामागे बसवून पाहिली. "घरात कुस्त्या चालतात का?" त्याने विचारलं. ती इतकी हसली की तिचं तिलाच नवल वाटलं.

पंधरा दिवसांनी काडी पुन्हा वाकली. "या चष्म्याचं काही खरं नाही," आई कुरकुरली आणि पुन्हा तिला पिटाळलं. त्या दिवशी मुलाने तिला पाटीवरची सगळी अक्षरं उलट्या क्रमाने, डोळे मिटून म्हणून दाखवली.

मग महिनाभर चष्मा धड राहिला. धाकटीला चैन पडेना. प्रार्थनेत ओळी चुकू लागल्या. एका दुपारी न्हाणीघराची कडी लावून तिने काडीवर अंगठा दाबला. काडी वाकली. महिन्याभराने तिने तेच केलं. दोन्ही वेळा आई "परत?" एवढंच म्हणाली.

त्या दुसऱ्या खेपेला चष्मा बसवून झाल्यावरही त्याचा हात क्षणभर तिच्या कानापाशी राहिला. तिने मान मागे घेतली नाही. अंगभर कुणी एकेक दिवा लावत गेल्यासारखं तिला वाटलं. "रविवारी ग्रंथालयात येतेस?" त्याने विचारलं. ती "बघते" म्हणाली आणि लांबच्या रस्त्याने, गुणगुणत घरी आली.

शनिवारी मात्र ती चर्चमध्ये पापनिवेदनाला, फादरांना आपली पापं सांगायला गेली.

"फादर, मी वाकवला."

"काय वाकवलं?"

"चष्मा."

"कुणाचा?"

"माझाच."

जाळीपलीकडे फादर पुढे झुकले. "बाळ, हे दहा आज्ञांतल्या कुठल्या आज्ञेत बसवू मी?"

मग तिने सगळं सांगितलं: तो मुलगा, कान, दिवे, आणि मठात जायचंच नाही हेही. फादर खोकले. खोकला जरा हसल्यासारखा होता.

"घरी खोटं वागलीस, ते चूक. कुणी आवडणं ही चूक नव्हे, वय आहे. आईला खरं सांग. तेच तुझं प्रायश्चित्त."

त्यापेक्षा शंभर प्रार्थना परवडल्या असत्या.

आई वेदीवरचं पांढरं कापड इस्त्री करत होती. बाबा कामावर होते. धाकटी दारातच उभी राहिली आणि एका दमात बोलली, "आई, मला आत्याकडे नाही जायचं."

इस्त्री थांबली. "बाबांपुढे म्हणशील हे?"

"म्हणीन."

"मग मीही म्हणीन. आणखी काही?"

धाकटीने चष्मा काढून हातात घेतला. "चष्म्याची काडी. मी मुद्दाम वाकवली. दोनदा."

"पण ती तर चारदा वाकली."

"पहिल्या दोन वेळा आपोआप वाकली, आई. शपथ."

आईने कापडावर पाणी शिंपडलं.

"आपोआप काही वाकत नसतं," ती म्हणाली. "त्या दोन वेळा मी वाकवली."