वॉचमनला काय कळलं

लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीतल्या अण्णा हेडक्लार्कांची पत्रं म्हणजे पानभर पाल्हाळ, "नक्की करायचं काय?" असे ग्राहकांचे फोन यायचे. नवी क्लार्क लिहायची, "उद्या लिफ्ट बंद, जिना वापरा," आणि फोन गप्प. तिची रीत साधी: मजकूर वॉचमनला वाचून दाखवायचा, "काय कळलं?" विचारायचं आणि तो सांगेल तेवढंच पाठवायचं. मालकांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. अण्णांच्या पाठीला तो हात ठाऊकच नव्हता. अंगाचा तिळपापड होऊन त्यांनी तिच्याविरुद्ध चार पानी तक्रार लिहिली: शिस्त, शिरस्ता, कंपनीची अब्रू, काही सोडलं नाही. पण मालक एवढं वाचतायत थोडेच! मग नाइलाजाने, ती जेवायला गेल्यावर, अण्णांनी तिचं नाव गाळून चारही पानं वॉचमनला खणखणीत वाचून दाखवली. "सांग, काय कळलं?" वॉचमनने डोकं खाजवलं. "हेच की, अण्णा, तुम्ही ताईंवर जळता."