शेवटचं कडवं

ऐक ना, आधी फक्त ऐक. मधे फाटे फोडू नकोस.

तर धनश्रीने सकाळपासून तिसऱ्यांदा सगळ्या वायरी तपासल्या होत्या. सिल्वासाच्या आमली भागात मोबाइलच्या दुकानावर तिची ती एवढीशी खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. एरवी तिथे लग्नाची गाणी, नाहीतर साड्यांच्या सेलच्या जाहिराती रेकॉर्ड व्हायच्या. आणि आज तिथे कोण उभं होतं? 'जनरल शिफ्ट'! अख्ख्या सिल्वासाचा लाडका रॉक बँड! ड्रमवर सदाशिव, बेसवर झुंबर आणि गाणारे रमाकांतकाका. तिघं धुळ्याकडून येऊन यार्नच्या फॅक्टरीत मशीनवर लागलेले, सुट्टीच्या दिवशी वाजवता वाजवता म्हातारे झालेले. धनश्री त्यांच्या कॅसेटी ऐकत मोठी झाली. बावीस वर्षांनी ते नवीन गाणं करत होते, 'धागा', आणि ते करायला तिच्याकडे आले होते. तिच्याकडे!

"काका, हेडफोन."

"नको. डोकं आवळतं," काका ओरडले. जन्म मशीनवर गेलेली माणसं, ओरडूनच बोलणार. "आणि बोलताना इकडे तोंड कर, पोरी."

ही पण तिथलीच सवय. दोनशे मशीनच्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार? ओठांकडे बघायचं, हाताने खुणा करायच्या. घरी आले तरी तसंच.

काकांनी चपला काढल्या. ड्रमला खेटून अनवाणी उभे राहिले, डोळे मिटले.

"एकच टेक हां. आपला नियम."

आणि गायले ना रे! खरखरीत, फाटका, पण काळजात घुसणारा आवाज. 'धागा तुटला तर गाठ मार, मशीन थांबवू नको...' धनश्रीच्या हातावर काटा आला.

शेवटचं कडवं सुरू झालं आणि फट्कन लाइट गेली. पंखा बंद, बेस बंद, कॉम्प्युटर काळा. यूपीएसची बॅटरी महिनाभर बदलू बदलू करत राहिलेली, ती त्या दिवशी नडली. झुंबरचे हात थांबले. सदाशिव मात्र वाजवत राहिला. आणि काका? काका गातच राहिले! डोळे मिटून, अख्खं कडवं, एक शब्द न चुकता! कडवं संपायला आणि लाइट यायला एकच गाठ पडली.

काकांनी डोळे उघडले. "झालं! कसं झालं?"

धनश्री तोंड उघडणार, तेवढ्यात सदाशिवने काकांच्या मागून मान हलवली. नको. मग तिला जिन्यात गाठून म्हणाला, "त्याला परत गायला सांगू नको. तीन महिने घासलंय त्याने. पुन्हा जमेल न जमेल. तूच काहीतरी कर."

आता ती काय करणार? लाइट जाईपर्यंतचं सगळं सेव्ह होतं, शेवटचं कडवं तेवढं नव्हतं. तिचा भाऊ विशाल गणपतीत काकांची नक्कल करायचा, लोक हसून लोळायचे. तिने त्याला माइकसमोर बसवलं. आधीच्या कडव्याचं म्युझिक उचललं, त्यावर शेवटचं कडवं विशालने गायलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. कुठे गाठ मारली ते नंतर तिचं तिलाही सापडेना.

पण काकांना सापडलं तर? गाणं ऐकवायला बोलावलं त्या दिवशी तिने चहाला हातसुद्धा लावला नाही. काकांनी दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवले, डोळे मिटले. शेवटचं कडवं आलं. गेलं. काकांनी डोळे पुसले.

"गायलो तस्संच आलंय, पोरी."

तिला वाटलं, ओळखलं यांनी. ओळखून पोटात घातलं. केवढं मन माणसाचं!

आणि गाणं जे सुटलं! टेंपोवाल्यांच्या डेकवर तेच, शिफ्टच्या बसमध्ये तेच. जवळच्या खेरडी गावात एका लग्नात डीजेने तीनदा लावलं. कोपऱ्यावरचा गुजराती चहावाला म्हणाला, "छेल्ला कडव्यात रडवलं यार काकाने." सगळ्यांना तेच शेवटचं कडवं. धनश्रीला सगळे शाबासकी देत होते आणि ती विषय बदलत होती.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. गर्दी पांगली. काका स्टेजच्या कडेला बसले होते. धनश्री त्यांच्याकडे पाठ करून वायरी गुंडाळत होती, कारण तोंड करून बोलायची हिंमतच नव्हती. तशीच एका दमात बोलून गेली.

"काका, ते शेवटचं कडवं तुमचं नाही. लाइट गेली होती. विशालने गायलंय. चूक माझी. तुम्हाला कळलं, तरी तुम्ही बोलला नाहीत. माफ करा."

मागून काहीच नाही. रागाचा शब्द नाही, काही नाही. तिला रडूच फुटलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग खांद्यावर हात पडला. काकांनी तिला हळूच आपल्याकडे वळवलं.

"रडतेस काय, वेडी? ऐक, एक विचारायचंय. सदा-झुंबरला नाही विचारत, ते दोस्त आहेत, चांगलंच म्हणणार. तू खरं सांगशील." काकांचे डोळे तिच्या ओठांवर होते. "अकरा वर्षं झाली माझे दोन्ही कान जाऊन. बायको आणि हे दोघं सोडले तर कोणाला माहीत नाही. लोक शेवटच्या कडव्याला रडतात म्हणे. सांग ना, खरंच इतकं चांगलं गायलो मी?"

बोल आता. तू काय केलं असतंस?